पुरुषांची उदासी : भीमाकाठचा एक अलिखित इतिहास

भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर आमच्या अफजलपूर तालुक्यात आहे, हे या अंकाच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या देवघरात गुरुचरित्राची पोथी असते, वर्षातून एकदा सप्ताह होतो आणि मठाच्या गावातील माधुकरीच्या आठवणी आजोबा-आजींपासून चालत आलेल्या असतात. पोथीच्या तेराव्या अध्यायाकडे आम्ही पुष्कळ वर्षे एक चमत्कारकथा म्हणूनच पाहत आलो. सेवानिवृत्तीनंतर एका विशिष्ट मनःस्थितीत (तिच्याविषयी पुढे लिहिणे भाग आहे) तो अध्याय पुन्हा वाचनात आला आणि आम्ही तेथेच थबकलो.

कथा सर्वांना ठाऊक आहे. गोदावरीकाठी वासर क्षेत्री, म्हणजे आजच्या तेलंगणातील बासर येथे, एक ब्राह्मण नदीत जीव देण्यास निघाला आहे. पोटशूळाने तो गांजलेला आहे, जेवले की कळा येतात, म्हणून अन्नच त्याला वैरी झाले आहे. श्रीनृसिंहसरस्वती त्याला लांबून पाहतात आणि शिष्यांना धाडून बोलावून घेतात. आत्महत्या हे पाप आहे असे ते सांगतात खरे, परंतु तेवढ्यावर थांबत नाहीत. तुला काय दुःख आहे, असे विचारतात. विचारून काय उपयोग, असे तो म्हणतो, आणि तरीही सारे सांगतो. त्याच वेळी सायंदेव नावाचे गृहस्थ तेथे येतात. त्यांच्या घरी, त्यांच्या पत्नी जाखाई यांच्या हातचे, पोटभर जेवण त्या माणसाला सर्वांच्या पंक्तीत बसवून घालावे, अशी आज्ञा होते. सायंदेव घाबरतात, कारण जेवून हा मेला तर दोष आपल्या माथी येईल. पण जेवण होते आणि माणूस वाचतो.

हे सायंदेव कडगंचीचे, म्हणजे आपल्या शेजारच्या आळंद तालुक्यातले. पोथीचे कर्ते सरस्वती गंगाधर हे सायंदेवांपासून मोजल्यास पाचवे पुरुष. घरात कानडी वळण असूनही त्यांनी मराठीत ग्रंथ रचला आणि एकेचाळिसाव्या अध्यायात कानडी पदेही येऊ दिली. तेव्हा ही कथा आपल्याच मुलुखातील एका घराण्याची स्मृती आहे. त्या ब्राह्मणाच्या रोगाचे निदान आज करण्याचा उद्योग आम्ही करणार नाही. आम्हांस नवल वाटले ते क्रमाचे. आधी कोणाच्या तरी लक्षात येते, मग बोलावणे, मग विचारणे, मग ऐकणे आणि शेवटी चार माणसांच्या पंक्तीत बसवणे, असा तो क्रम आहे. पुढच्याच अध्यायात खुद्द सायंदेव आपले भय सांगतात. ज्या यवन अधिकाऱ्याच्या सेवेत ते होते, त्याच्याकडून जिवे मारले जाण्याची भीती त्यांना होती. सरकारी नोकराने वरिष्ठाची धास्ती गुरूपुढे बोलून दाखवल्याचा इतका जुना दाखला दुसरा आमच्या पाहण्यात नाही! आमच्या नोकरीत वरिष्ठाची धास्ती सर्वांनाच होती. बोलून दाखवणारा मात्र कोणी भेटला नाही.

पुढच्या पिढ्यांनी या कथेतील ‘आत्महत्या हे पाप’ एवढेच उचलले. त्यामागून येणारा ‘तुला काय दुःख आहे’ हा प्रश्न पोथीतच राहिला. आमच्या घरातही तसेच झाले.

आमचे पूर्वज कोणत्या काळी या भागात आले याची कागदपत्रे अपुरी आहेत. परंतु निजामाच्या अमदानीत घराण्याकडे गावचे लिखापढीचे वतन आणि इनाम जमीन होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि मराठी ही कचेरीची भाषा होण्याची उरलीसुरली शक्यताही संपली. १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरागत ग्रामाधिकाराची पदे रद्द झाली. १ मार्च १९७४ पासून कुळांकडे असलेली जमीन सरकारजमा होऊन कुळांना देण्यात येऊ लागली. हे कायदे न्याय्य होते, असेच आमचे मत आहे. पुढे नोकरीत आम्ही स्वतः त्यांची अंमलबजावणी केली आणि कसणाऱ्याच्या नावे सातबारा, म्हणजे आपल्याकडची पहाणी, होताना त्याच्या चेहऱ्यावरचा आनंदही पाहिला. पण त्याच कायद्यांच्या दुसऱ्या बाजूला, ओसरीवर बसलेला एक माणूस आमच्या घरात होता.

ते आमचे थोरले चुलते, म्हणजे आमचे काका. मोडी आणि उर्दू दोन्ही लिप्या त्यांना हातच्या मळासारख्या होत्या. गावातील कोणाच्या बांधाला कोणाचा बांध लागतो हे त्यांना पाठ होते. १९७४ नंतर हळूहळू त्यांच्याकडे कागद घेऊन येणारे थांबले. प्रथम त्यांनी चावडीवर जाणे सोडले, मग पारावर जाणे सोडले. रात्री तीन वाजता उठून बसत. ज्या माणसाने कोणाला अरे-तुरे केले नव्हते, तो पानात मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवू लागला. डोके दुखते, छाती जड वाटते अशा तक्रारी सुरू झाल्या. वैद्यांचे काढे झाले, सोलापुरी नेऊन तपासून आणले, काही निघाले नाही. काही निघाले नाही याचा घरातील सर्वांना आनंद झाला. १९७८ च्या उन्हाळ्यात एके दिवशी त्यांनी जुन्या वह्या वारीने लावल्या, दोघा-तिघांची किरकोळ देणी स्वतः जाऊन चुकती केली आणि आम्हांस जवळ बोलावून आपला टाक व दौत दिली. आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे होतो. काका आता बरे होत आहेत, असे त्या दिवशी आम्हांस वाटले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. घरात ‘अपघात’ हा शब्द वापरण्याचे ठरले आणि तोच शब्द पंचेचाळीस वर्षे टिकला.

आज ती लक्षणे कोणताही मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजून दाखवील. पहाटे फार लवकर जाग येणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे, अकारण चिडचिड, शरीराच्या तपासणीत न सापडणारी दुखणी, माणसांतून उठून जाणे, आणि अखेरीस देण्याघेण्याची निरवानिरव करून आवडती वस्तू कोणाला तरी देऊन टाकणे. पुरुषांत रडण्यापेक्षा राग आणि दारू या रूपांत हा आजार अधिक दिसतो. पुष्कळ दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत झाला तर निश्चिंत होऊ नये, उलट त्याच्याजवळ बसावे, हेही आम्हांस फार उशिरा कळले.

येथे थोडे विषयांतर करतो. भानामतीच्या गोष्टी आपल्या बीदर-गुलबर्गा भागात कोणी ऐकल्या नाहीत असे घर नसेल. गाणगापुरात दुपारच्या आरतीला घुमणाऱ्या, केस मोकळे सोडून ओरडणाऱ्या बाया आम्ही लहानपणापासून पाहिल्या. त्या प्रकाराचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही; त्यापायी औषधोपचाराला मुकलेल्या बायका आमच्या माहितीत आहेत. पण निदान बाईला आपले दुःख ओरडून सांगण्याची एक जागा समाजाने ठेवली होती. आम्ही पाहिलेल्या गर्दीत पुरुष बहुधा मागे, पिशवी सांभाळत उभे असत. त्यांना घुमण्याची सोय नव्हती. त्यांच्यासाठी तंबाखू, दारू आणि गप्प बसणे एवढेच होते. ‘येरवड्याला पाठवा’ किंवा ‘धारवाडला ठेवा’ हे शब्द थट्टेत वापरले जात. धारवाडचे मनोरुग्णालय १८४५ पासूनचे, म्हणजे कित्येक महाविद्यालयांहून जुने. पण त्याचे नाव आपल्या घरांत शिवीसारखेच राहिले. वेडा ठरणे आणि ठणठणीत असणे यांच्या मधल्या माणसाला आपल्या बोलीत नावच नव्हते.

आता १९९७-९८ च्या हंगामाकडे येतो. वाचकांना ते वर्ष आठवत असेल. अवेळी पाऊस पडला, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी पडली, कितीही फवारले तरी ती हटेना आणि बीदर-गुलबर्ग्याचे हुकमी पीक हातचे गेले. बीदर जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या, तेव्हा कर्नाटकाला हा विषय प्रथम वृत्तपत्रांतून कळला. त्या वेळी आम्ही महसूल खात्यात, एका तालुका कचेरीत होतो. चौकशीचा नमुना आमच्यापुढे असे. जमीन किती, कोरडवाहू की बागायत, कर्ज बँकेचे की सावकाराचे, पीक कोणते, नुकसान किती, असे रकाने त्यात होते.

एका गावी आम्ही पंचनाम्यासाठी गेलो. घरात तीन लहान मुले होती. नमुना भरून होत आला तेव्हा त्या माणसाची पत्नी पदराआडून म्हणाली, ‘‘साहेब, दोन महिनं झालं, ते राती झोपतच न्हवते. उठून अंगणात बसायचे. बैलांशीसुद्धा बोलायचे न्हाईत. मी म्हणलं डॉक्टरकडं जाऊ, तर म्हणले, मला काय धाड भरलीय?’’ आमच्या हातात लेखणी होती. हे लिहावे असा रकाना नव्हता. शिवाय सोबतच्या अनुभवी कारकुनाने हळूच सुचवले की आजाराचे किंवा दारूचे काही लिहिले तर प्रकरण कर्जाचे ठरणार नाही आणि मदत अडकेल. ते खरेच होते. आम्ही काहीही लिहिले नाही. परतताना जीपमध्ये काकांचा टाक आठवला होता. तरीही दुसऱ्या दिवशी पुढचा नमुना आम्ही तसाच भरला. गावोगावच्या बायकांना हे लवकरच उमगले असणार, कारण पुढच्या घरांतून झोपेविषयी आम्हांस कोणी काही सांगितले नाही.

समाजशास्त्रज्ञ ए. आर. वासवी यांनी बीदरच्या या आत्महत्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. बाजार, शासन आणि एकाकी पडलेला शेतकरी यांची सांगड त्यांनी घातली. पुढे कर्नाटक शासनाने डॉ. जी. के. वीरेश यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २००२ मध्ये आला. शेतीच्या अडचणींबरोबर दारू आणि घरगुती कलह यांनाही तिने कारण मानले. त्यावर मोठे वादळ उठले. शासन आपली जबाबदारी मृताच्या व्यसनावर ढकलत आहे, असा आक्षेप होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. पण त्या वादात एक बाजू ‘कर्ज’ म्हणत राहिली, दुसरी ‘दारू’, आणि दोहोंच्या मध्ये जो आजार आहे, जो कर्जाने जडतो, दारूने वाढतो आणि औषधाने हटतो, त्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही. आमचे मत विचाराल तर कर्जमाफी आणि मनाचा उपचार यांत निवड करण्याचे कारणच नाही. तुरीला भाव द्यावा आणि तूर पिकवणाऱ्याला झोप येते की नाही हेही विचारावे. केवळ ‘मनोरुग्ण’ म्हणून मोकळे होणाऱ्या सरकारवर मात्र आमचा विश्वास नाही. तीस-पस्तीस वर्षे आम्ही त्याच यंत्रणेत काढली आहेत.

न सांगण्यामागे आणखी एक भीती होती, ती पोलिसांची. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ३०९ वे कलम जगलेल्या माणसाला आरोपी करीत असे; शिक्षा एक वर्षापर्यंत. त्यामुळे वाचलेल्याला इस्पितळात नेतानाही घरचे ‘चुकून झाले’ म्हणत. मराठी वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या कलमाविरुद्धचा एक महत्त्वाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिला, आणि तो खटला एका पोलीस शिपायाचा होता. रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर तो मनाच्या आजाराने पीडित होता. न्या. पी. बी. सावंत आणि न्या. कोळसे-पाटील यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसाच निकाल दिला, १९९६ मध्ये तो फिरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला खटल्यातून सोडवले आणि त्याची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच तरतूद उरली आहे. तेव्हा उपचारासाठी नेले तर पोलीस येतील, ही भीती आता मनातून काढावी.

उपचाराच्या सोयींचा इतिहासही आपल्या प्रदेशाजवळच घडला, याची फारशी जाणीव आपल्याला नाही. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात प्रयोग केला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील साध्या डॉक्टरांना शिकवून मनाच्या आजारांवर गावाजवळच उपचार करता येतात, हे तेथे दिसले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये केंद्र सरकारचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. कर्नाटकात २०१४ पासून ‘मनोचैतन्य’ नावाने तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येण्याची योजना सुरू झाली. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलणी केली. उदासीनतेच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शेकडा ४.३ होते, अठरा महिन्यांत ते २७.२ झाले. विदर्भातील माणूस बोलत नाही असे म्हणतात. विचारल्यावर तो बोलला. दुसरीकडे, २०२२ मध्ये देशात आत्महत्येने गेलेल्या १,७०,९२४ जणांपैकी १,२२,७२४ पुरुष होते, आणि २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार उदासीनतेच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जण उपचाराविना राहतात.

आता स्वतःविषयी. २०२० च्या मध्यास आम्ही सेवानिवृत्त झालो. महामारीमुळे निरोप समारंभ झाला नाही. एका शिपायाने खुर्चीवरचा टॉवेल घडी करून हातात दिला, तेवढेच. पहिले दोन महिने बरे गेले. मग पित्त सुरू झाले. पहाटे तीनला जाग येऊ लागली. वर्तमानपत्र हातात धरून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत असू. कोणी ‘साहेब’ म्हटले तरी राग येई, नाही म्हटले तरी राग येई. आपण घरावर भार आहोत असा विचार दिवसातून कित्येकदा येऊन जाई, आणि तो विचार आजाराचा आहे हे कळत नसे. तो अगदी खरा वाटे. पोटाच्या औषधांनी काही फरक पडला नाही. त्याच सुमारास एका दुपारी पोथी उघडली असता तेरावा अध्याय निघाला. पोटशूळाचा तो माणूस वाचताना डोळे भरून आले, पण घरात कोणाला सांगितले नाही.

विचारले ते आमच्या पत्नीने. एका रात्री दिवा न लावताच अंथरुणावर बसून म्हणाली, ‘‘अहो, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का तुमच्या?’’ असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात शिरतो अशी आपली समजूत आहे. ती चूक आहे, असे पुढे डॉक्टरांनीही सांगितले. आमच्यापुरते सांगावयाचे तर, कोणी तरी तो शब्द उच्चारला म्हणून छातीवरचे ओझे निम्मे उतरले. आम्ही ‘हो’ म्हणालो. तिने रडारड केली नाही की पाप-पुण्य काढले नाही. शेतावरच्या कोठडीची किल्ली तिने दुसऱ्या दिवशी पुतण्याकडे दिली, त्याला आमच्यासोबत झोपायला बोलावले आणि आठवड्याच्या आत सोलापूरला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. किल्लीचे महत्त्व तेव्हा आम्हांस कळले नव्हते. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण १९९५ च्या मानाने फार खाली आले, हे पुढे वाचले. मरणाची ओढ बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते; तेवढा वेळ साधने दूर आणि माणूस जवळ असावे लागते. फवारणीची औषधे कुलपात, आणि घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्या घरी, एवढे आपल्या शेतकरी कुटुंबांना सहज करता येण्याजोगे आहे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, मध्येच सोडू नका, असे बजावले. पहिल्या पंधरवड्यात काहीच वाटले नाही. आम्ही चिठ्ठी फाडण्याच्या बेतात होतो. साधारण पाचव्या आठवड्यात एके दिवशी सकाळी चहाला चव लागली. दहा महिने औषध चालले, बोलण्याच्या बैठकाही झाल्या. सोलापूर सर्वांना परवडेल असे नाही. तालुका किंवा जिल्हा रुग्णालयात हीच औषधे मिळतात, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य चालते. तेथे मराठीत बोलता येते आणि कानडीतही. आमच्यासारख्यांना, जे रागावताना कानडी आणि रडताना मराठी बोलतात, दोन्हींची गरज पडते.

गेल्या वर्षी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे ठरले आणि जुन्या नोंदी तपासण्याचे काम आमच्याकडे आले. काकांच्या नावापुढे ‘१९७८, अपघाती निधन’ असे छापलेले होते. आम्ही ते खोडून ‘मनाच्या आजाराने निधन, उपचार झाले नाहीत’ असे लिहिले आणि कच्चा मसुदा काकांच्या मुलाकडे, पुण्याला पाठवला. महिनाभर उत्तर आले नाही. नंतर त्याचा दूरध्वनी आला. बराच वेळ तो पावसापाण्याचे बोलला. मग म्हणाला, ‘‘दादा, राहू दे तसंच. फक्त पुढं एक ओळ वाढव, की आप्पांना मोडी फार सुंदर येत होती.’’ दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दूरध्वनी केला आणि सोलापूरच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. कोणासाठी, ते आम्ही लगेच विचारले.